हर्मन कॉखचं ‘द डिनर’ पालकांच्या वाचनगटात घ्यावं का?

झेरॉक्सवाली_लातूर
ट्यूशन एरियात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुपारी पोरं क्लासला बसली की गर्दी ओसरते, तेवढ्यात वाचून घेते. आमचा एक वाचनगट आहे, बहुतेक जण नीट-जेईईवाल्या पोरांचे आईबापच. यावेळी पुस्तक सुचवायची पाळी माझी. हर्मन कॉख या डच लेखकाचं ‘द डिनर’ संपवलंय (मूळ 2009, सॅम गॅरेट यांचा इंग्रजी अनुवाद 2012).

दोन भाऊ, त्यांच्या बायका, अ‍ॅमस्टरडॅमचं महागडं हॉटेल. थोरला सर्ज पंतप्रधान व्हायच्या बेतात, आणि गोष्ट सांगणारा पॉल त्याच्यावर जळून खाक. मॅनेजर प्रत्येक पदार्थाची कुळकथा सांगतो आणि सांगताना करंगळी ताटावर फिरवतो. पॉलची नजर त्या करंगळीवरच. बायकोच्या ताटात पदार्थापेक्षा रिकामी जागा जास्त! मी एकटीच हसायले आणि गिऱ्हाईक माझ्याकडं बघायलं.

मग कळतं हे चौघं कशाला जमलेत. त्यांच्या पोरांनी एटीएमच्या खोलीत झोपलेल्या बेघर बाईचा जीव घेतलाय. कॅमेऱ्यातलं चित्रण टीव्हीवर आलंय, पण चेहरे कुणाला ओळखू येत नाहीत. घरच्यांना सोडून. आणि तोवर मी पूर्ण पॉलच्या बाजूची झालेले होते, हीच तर गंमत.

गटात घ्यावं का हे? का त्याचंच ‘समर हाउस विथ स्विमिंग पूल’ बरं? नाहीतर म्हणतील, ही बाई आमच्याकडंच बोट दाखवायली.

परभणीकर_मास्तर
ताई, जरूर घ्या. माझी उभी नोकरी शाळेत गेली. पॉलसुद्धा इतिहासाचा मास्तर, सक्तीनं घरी बसवलेला. मुलाच्या निबंधावरून मुख्याध्यापक त्याला बोलावून घेतात, तो प्रसंग सावकाश वाचून घ्या. सुरुवातीला मी पॉलच्या बाजूनं मान डोलवत होतो. प्रसंग संपला तेव्हा पुस्तक मिटून अंगणात चक्कर मारून आलो. काय होतं ते सांगत नाही.

कॉख स्वतः अ‍ॅमस्टरडॅमच्या माँटेसरी शाळेतून काढलेला विद्यार्थी, आणि त्यानं पहिली कादंबरी (1989) शाळेवरच लिहिली. पुढं ‘यिस्केफेट’ या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात वर्षानुवर्षं कामही केलं. पुस्तकात कुठं थांबलं की माणूस हसतो, हे त्याला तिथूनच ठाऊक असणार.

काळा_कोट_अंबाजोगाई
मी पॉलचं सगळं सांगणं जबाब म्हणून वाचलं. सुरुवातीलाच म्हणतो, हॉटेलचं नाव सांगणार नाही. पुढं आजाराचं नाव सांगत नाही, दवाखान्याचं सांगत नाही. कुणी न विचारता ‘हे मी सांगणार नाही’ म्हणणारा साक्षीदार दिसला की मी पेन बाजूला ठेवून नीट ऐकतो.

पण तक्रारही आहे. बार्सिलोनात 2005 साली खरंच अशी घटना घडली होती आणि कॉखला ती तिथूनच सुचली. खऱ्या घटनेवरून लिहायचं आणि शेवटी पॉलच्या अंगात आनुवंशिक आजार काढायचा? वाचणारा सुटला की! ‘आपल्या घरात असलं काही नाही’ म्हणून निवांत झोपेल.

त्यापेक्षा आर्नोन ग्रुनबर्ग या दुसऱ्या डच लेखकाचं ‘टिर्झा’ (2006) घ्या. लेकीच्या पार्टीसाठी बाप स्वयंपाकघरात मासा कापत उभा आहे, तिथून सुरू होतं ते नामिबियापर्यंत जातं. बाप सभ्य, कष्टाळू, लेकीवर जीव टाकणारा. पळवाट नाही. डच कादंबऱ्यांना मिळणारं लिब्रिस पारितोषिक 2007 साली मिळालंय त्याला.

उदगीरची_डॉक्टर
‘समर हाउस’मधला मार्क फॅमिली डॉक्टर आहे. पेशंटला भरपूर वेळ देतो, सगळे खूश, पण हा ऐकत काहीच नाही, मनातून शरीरांची किळस. मला फार हसू आलं (आमच्या धंद्यातल्यांनाच येईल). मात्र त्याच्या तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार होतो. गटात लेकीबाळींच्या आया असतील तर आधी कल्पना द्या.

झेरॉक्सवाली_लातूर
वकीलसाहेब, आजाराचं पटलं. त्याची गरजच नव्हती. मध्यंतरी दुकानासमोर एका पोरानं गाडीनं भाजीवाल्या मावशीची पाटी उडवली आणि थांबलाच नाही. मावशीचा हात सुजून एवढा. संध्याकाळी बाप आला. इस्त्रीचा शर्ट, पायातल्या चपला बाहेर काढून आत. आधी पोराच्या आधारची झेरॉक्स मागितली, सुट्टे पैसे मोजून दिले, मग वर कॅमेऱ्याकडं बघून म्हणाला, “ताई, ह्याच्यात रेकॉर्डिंग किती दिवस ऱ्हातंय?” इतक्या अदबीनं, की मी पटकन सांगूनही टाकलं! मग म्हणतो, “पोरगं क्लासमधी होतं आमचं. उगं परीक्षेच्या टायमाला...” त्याला कुठला आजार?

काळा_कोट_अंबाजोगाई
रेकॉर्डिंग ठेवलंय ना?

झेरॉक्सवाली_लातूर
पेनड्राइव्हवर. मावशीच्या लेकाला दिलंय.

बोरीचा_सिनेमावेडा
फक्त एवढंच, गटातले कुणी ‘सिनेमा पाहिलाय’ म्हणून पुस्तक टाळायला लागले तर ऐकू नका. डच 2013, इटालियन 2014, अमेरिकन 2017, कोरियन 2023, चार निघालेत. पॉलच्या डोक्यात बसून ऐकायची मजा पडद्यावर येत नाही.

परभणीकर_मास्तर
मग ताई, ठरलं काय?

झेरॉक्सवाली_लातूर
‘द डिनर’च. ‘टिर्झा’ दिवाळीनंतर, मी अजून वाचलेलं नाही. वकीलसाहेब, गट बसेल त्या रविवारी लातूरला काहीतरी काम काढा आणि तुमची तक्रार गटासमोर मांडा. चहा माझ्याकडं.