लूट चालू असताना कर्मचाऱ्याने मध्ये पडावं का?

गल्लामास्तर
हत्यार दाखवून कोणी पैसे मागितले तर काउंटरवरच्या माणसाने काय करायचं? बऱ्याच आस्थापनांचा नियम एकच असतो: मागेल ते द्या, जाऊ द्या, पाठलाग नको. हा नियम मोडून चोराला धरणाऱ्याची नोकरी गेली की लोक चिडतात, 'शाबासकी द्यायची सोडून हाकललं' म्हणतात.

मी नियमाच्या बाजूने. डेनिस ट्यूलर या अमेरिकी पोलीस अधिकाऱ्याने १९८३ मध्ये एक हिशेब मांडला होता. चाकू घेऊन धावणारा माणूस २१ फूट, म्हणजे जवळपास साडेसहा मीटर, साधारण दीड सेकंदात पार करतो. काउंटरची रुंदी हातभर. तिथे प्रतिकार करायला वेळ कुठून आणणार? गल्ल्यातली रक्कम विम्यातून किंवा मालकाच्या खिशातून भरून निघते.

उलटतपासणी
ट्यूलरचा हिशेब कमरेचं पिस्तूल काढायला पोलिसाला किती अंतर लागतं यासाठी होता. तो इथे ओढूनताणून बसवू नका. बाकी पैसे देऊन टाकावेत हे मान्य.

पण तुमचा नियम लुटारूला फक्त पैसे हवेत असं धरून चालतो. त्याने सगळ्यांना मागच्या खोलीत चला म्हटलं, हात बांधायला काढले, एखाद्याला गाडीत बसायला सांगितलं, तर मामला पैशांचा राहिलेला नाही. तिथे मुकाट ऐकणं हाच जास्त मोठा धोका असू शकतो. दार जवळ असेल तर पळा, ओरडा, आणि दुसरा काहीच मार्ग नसेल तर झटापट करा. किती ठिकाणच्या नियमपत्रकात हे एका ओळीत तरी लिहिलेलं असतं? 'प्रतिकार करू नये' एवढ्यावर पत्रक संपतं, कारण ते वकिलाने लिहिलेलं असतं.

रोकडमोजणी
@उलटतपासणी, ती वेळ आली हे ठरवणार कोण? भेदरलेला नवखा कर्मचारी? 'आतल्या खोलीत जा' याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो की पळायला त्यांना दोन मिनिटं हवी आहेत. एकाने झडप घातली की गोळी भलत्यालाच लागते, आणि त्या भलत्याला कोणी विचारलेलं नसतं.

शिकवायचं ते वेगळंच आहे. हात दिसतील असे ठेवा. प्रत्येक हालचाल आधी बोलून दाखवा: 'गल्ल्याची किल्ली खिशात आहे, डावा हात खिशात घालतोय.' आत कोणी काम करत असेल तर तेही सांगून टाका, नाहीतर तो खोकं घेऊन बाहेर येतो आणि घाबरलेल्या लुटारूचं बोट चापावरच असतं. हत्याराकडे नजर खिळतेच, म्हणून चेहरा नीट आठवत नाही. त्यासाठी दाराच्या चौकटीला उंचीच्या रंगीत खुणा असतात. तो बाहेर पडताना डोकं कोणत्या रंगापर्यंत आलं, एवढंच बघायचं.

निशाचर
आणि गुपचूप अलार्मचं काय? तो दाबणं हेही मध्ये पडणंच झालं.

रोकडमोजणी
हात आधीच काउंटरखाली असेल किंवा पायाने दाबायचं बटण असेल तरच. नाहीतर तो गेल्यावर. लुटारू आत असतानाच पोलीस दारात आले तर लुटीचं ओलीसनाट्य होतं.

नोट-सापळ्यात हाताचा प्रश्न येत नाही. गल्ल्याच्या एका खणात तळाची नोट चिमट्यात अडकवलेली असते. ती ओढली की चिमट्याचे दोन पत्रे एकमेकांना टेकतात आणि आवाज न करता इशारा जातो. बिघडतं ते रोजच्या वापरात. रात्रीचा हिशेब करताना नवा माणूस तीच नोट उचलतो, पोलीस फुकट येऊन जातात, असं दोन-चारदा झालं की कोणीतरी वैतागून तार काढून ठेवतो. मग खऱ्या दिवशी चिमटा नुसता शोभेला.

निशाचर
वेळ-कुलपाच्या तिजोरीचंही तसंच. समजा कुलूप दहा मिनिटांचं आहे. किल्ली किंवा आकडा लावल्यापासून तेवढी मिनिटं गेल्यावरच ती उघडते, धमकी देऊनही आधी नाही. ही गोष्ट बाहेरून दिसेल अशा पाटीवर हवी. पाटी नसेल तर 'उघडत नाही' हे लुटारूला खोटं वाटतं आणि मार कर्मचाऱ्याला बसतो. गल्ल्यात थोडीच रक्कम ठेवून बाकी फटीतून तिजोरीत टाकायची, ही शिस्त गर्दीच्या तासात हमखास मोडते, म्हणजे नेमकी रक्कम वाढलेली असते तेव्हाच.

दंडुकेवाला
इथे सगळे हत्यारबंद लुटीबद्दल बोलताय. दुकानातल्या झटापटी मात्र पुष्कळदा माल उचलून पळणाऱ्याशी होतात, आणि तिथे वीर जागे होतात! तिघे मिळून त्याला पालथा पाडतात, एक जण पाठीवर गुडघा टेकून बसतो. पालथ्या माणसाच्या पाठीवर वजन पडलं की छाती फुगत नाही. तो श्वासासाठी धडपडतो, वरच्याला वाटतं जोर करतोय, म्हणून तो आणखी दाबतो. धडपड थांबली की 'शांत झाला' म्हणतात. माणूस मेलेला असू शकतो. धरलाच असेल तर लगेच कुशीवर वळवा, नाहीतर बसता करा. आणि हे शिकवलेलं नसेल तर हात लावूच नका.

गल्लामास्तर
म्हणजे माझाच मुद्दा.

उलटतपासणी
अर्धा. दंडुकेवाल्यांचं म्हणणं शिकवल्याशिवाय धरू नका असं आहे, कधीच धरू नका असं नाही. आणि मध्ये पडायची खरी वेळ हत्यार निघण्याआधीची असते. टोपी खाली ओढून रांगेच्या कडेला रेंगाळणाऱ्याकडे बघून 'बोला, काय हवंय?' असं मोठ्याने विचारणं, हाही हस्तक्षेपच. टेहळणीला आलेला माणूस आपला चेहरा कोणी पाहिला एवढ्यानेही परत जाऊ शकतो. त्यासाठी काउंटरवरच्याची मान वर हवी आणि खिडकीवर जाहिरातींचे कागद नकोत.

निशाचर
रात्रपाळीला एकटाच माणूस ठेवला तर मान वर करून करणार काय? तोच माल लावणार, तोच फरशी पुसणार, पाठ दाराकडे. मालक दुसरा पगार वाचवतो आणि आपण इथे एकट्याने शौर्य दाखवावं की नाही यावर भांडतोय.

गल्लामास्तर
दोन माणसं ठेवली तर त्यातला एक झडप घालण्याची शक्यताही दुप्पट. त्यापेक्षा मध्यरात्रीनंतर दार बंद ठेवून खिडकीतून व्यवहार करा.

निशाचर
खिडकीतून ठीक. पण कचरा टाकायला मागचं दार उघडावं लागतं. तिथे एकट्याने जायचं?