मदत हवी आहे: पुरवठादाराने घरी पाठवलेली भेट परत कशी करावी?

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीतल्या एका मध्यम कारखान्यात मी खरेदी विभाग बघते. दिवाळीच्या तोंडावर आमच्या एका जुन्या जॉबवर्कवाल्या (आमचं काम त्यांच्या वर्कशॉपमध्ये करून देणाऱ्या) काकांनी घरी पेटी पाठवली. मी कामावर होते, सासूबाईंनी घेतली. वर सुकामेवा, खाली चांदीचं नाणं आणि महाबळेश्वरच्या एका हॉटेलचं सहकुटुंब राहण्याचं व्हाउचर. त्यांचे दर पुढच्या महिन्यात पुन्हा ठरायचे आहेत आणि सगळ्या पुरवठादारांचे दर शेजारी मांडणाऱ्या तुलनापत्रकावर सही माझी असते.

काकांचं काम चोख आहे. लॉकडाऊन उठल्यावर माणसं मिळत नव्हती, तेव्हा ते स्वतः मशीनवर उभे राहून माल देत होते. उद्या त्यांना ऑर्डर मिळाली तर ती कामावर मिळाली असंच सगळ्यांना वाटलं पाहिजे. नाणं माझ्या कपाटात असेल तर तसं कोण म्हणेल? शिवाय दर भरणाऱ्या बाकीच्या दोघांपैकी एकाचं वर्कशॉप नवीन आहे, त्याला असलं काही परवडणार नाही.

मालकांना सांगितलं तर म्हणाले, "ठेवून घ्या हो, दिवाळी आहे." लेखी नियम आमच्याकडे नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा (१९८८) मुख्यतः सरकारी नोकरांबद्दल आहे, हे मी वाचलंय. पण आमचा एक मोठा ग्राहक ब्रिटिश आहे, आणि तिकडच्या २०१०च्या लाचविरोधी कायद्यात खासगी कंपन्यांमधली देवघेवही येते. त्यांच्या करारातही तसं कलम आहे.

काकांचं मन न दुखवता हे परत कसं करू? आणि पुढच्या वर्षीसाठी नियम काय करावा? पुरवठादाराकडे तपासणीला गेल्यावर तिथे जेवणं मला गैर वाटत नाही, मुक्कामाचा खर्च मात्र आपल्या कंपनीनेच करावा असं वाटतं.

प्रतिसाद १
ताई, मी पलीकडच्या बाजूचा. माझं टर्निंगचं वर्कशॉप आहे. आम्ही पुष्कळदा हौसेने देत नाही. दुसरा देतो, आपण नाही दिलं तर नाव मागे पडेल, ही धास्ती असते. त्यामुळे सगळ्या पुरवठादारांना एकच पत्र पाठवा, मालकांच्या सहीने, आणि तेही गणपतीनंतर लगेच. नवरात्रात आमच्या ऑर्डरी मिठाईवाल्याकडे गेलेल्या असतात. काकांकडे मात्र ड्रायव्हरच्या हाती काही पाठवू नका. स्वतः जा, आणि कामगारांसमोर देऊ नका.

प्रतिसाद २
कराची बाजू सांगतो. १ जुलै २०२२पासून व्यवसायानिमित्त दिलेला लाभ वर्षात २० हजारांच्या वर गेला तर देणाऱ्याला १० टक्के टीडीएस (आधीच कापून सरकारकडे भरायचा प्राप्तिकर) कापावा लागतो (अगदी छोट्या मालकीच्या धंद्यांना सूट आहे). वस्तू कर्मचाऱ्याच्या घरी गेली तरी ती त्याच्या कंपनीला मिळालेला लाभ धरली जाते, असं प्राप्तिकर खात्याच्या परिपत्रकात आहे. भेटवस्तूंवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिटही (म्हणजे तो आपल्या देय जीएसटीतून वजा करणं) मिळत नाही. मालकांना हे दाखवा, नियम लवकर लिहून होईल.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. उद्या संध्याकाळी वर्कशॉप सुटल्यावर जाते. सुकामेवा ऑफिसात सगळ्यांना वाटते आणि रजिस्टरमध्ये नोंद करते. नाणं आणि व्हाउचर परत. सोबतचं पत्र असं लिहिलंय:

"आदरणीय काका, सप्रेम नमस्कार. सुकामेवा सगळ्यांनी मिळून खाल्ला. बाकीचं परत करते आहे, कारण तुमच्या दरांवर सही मला करायची आहे आणि ती तुमच्या कामाकडे बघूनच व्हावी. घरी जरूर या, रिकाम्या हाताने या."

शेवटचं वाक्य आगाऊपणाचं वाटतंय का? वयाने ते माझ्या वडिलांएवढे आहेत.