पाळणा घडवताना पैठणीकडून आणि ओवीकडून काय घ्यावे?

प्रश्न (परभणी)

नमस्कार. मी मुलांसाठी हाताने लाकडी सामान घडवतो: पाळणे, पांगुळगाडे, बुटक्या खुर्च्या, पाट. लाकूड बहुतेक मोडीत निघालेल्या बैलगाड्यांचे, म्हणजे जुन्या बाभळीचे असते. गेल्या वर्षी एका पाळण्याच्या दोन्ही बाजूंवर मी पैठणीतला बांगडी मोर रंगवला. घेणाऱ्यांना तो आवडला. मला मात्र तो वरून चिकटवल्यासारखा वाटत राहिला, कारण मोर पुसून टाकला असता तरी पाळण्यात काहीच उणे झाले नसते. आईच्या जात्यावरच्या ओव्या, आजीच्या वाकळी आणि पैठणचे रेशीम हे सगळे मी लहानपणापासून पाहत-ऐकत आलो आहे. त्यातून नक्षी उचलण्यापलीकडे काय घेता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (पैठण)

दादा, मी मागावर बसते, म्हणून विणकामापुरतेच सांगते. पैठणीचा मोर कापडावर काढलेला नसतो, तो कापडच असतो. पदर विणताना प्रत्येक रंगाचा आडवा धागा आपल्या हद्दीपर्यंत जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि माघारी वळतो. त्यामुळे उलट बाजूही सुलट बाजूसारखीच दिसते. हिमरू या कापडाचे तसे नाही. त्यात उभा धागा सुती आणि आडवा रेशमी असतो, आणि नक्षीचे जादा धागे मागच्या बाजूला मोकळे राहतात. हिमरूही देखणेच असते, पण त्याचे देखणेपण एका बाजूचे असते.

आता तुमच्या खुर्चीकडे पाहा. मोठा माणूस तिची पाठ आणि बैठक पाहतो, रांगते मूल मात्र तिच्या खाली शिरते आणि तिची खालची बाजू पाहते. माझा भाचा टेबलाखाली शिरून फळीवरून बोटे फिरवत बसतो, आणि तिथेच एकदा त्याच्या बोटात कूस शिरली होती. तेव्हा मोर नको, पैठणीची उलट बाजू घ्या: खालच्या फळीलाही वरच्याइतकाच रंधा मारा. रंगच हवा असेल तर धूपछाव घ्या. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला की कापड हलताच रंग पालटतो. पाळण्याच्या गजांची एक बाजू एका रंगात आणि दुसरी दुसऱ्या रंगात रंगवली, तर झोक्यागणिक रंग पालटताना जवळ बसलेल्याला दिसेल.

उत्तर २ (अंबाजोगाई)

मी गायन शिकवतो. पाळण्याला स्वतःची लय असते आणि ती मुलाच्या वजनावर नाही, तर टांगणीच्या लांबीवर ठरते. आढ्यापासून मुलापर्यंतचे अंतर सुमारे 1 मीटर असेल तर एक जाऊन-येऊन झोका साधारण 2 सेकंदांचा होतो. तेच अंतर 2.25 मीटर केले तर 3 सेकंदांचा. या दुसऱ्या लांबीवर दादरा हा सहा मात्रांचा ताल सहज बसतो: जाताना तीन मात्रा, येताना तीन मात्रा, सम (पहिली मात्रा) एका टोकाला आणि ‘खाली’ (चौथी, हलकी मात्रा) दुसऱ्या टोकाला. आखूड दोरीच्या पाळण्याजवळ गाणारी आई नकळत घाई करते, हे मी घरी अनुभवले आहे. जात्याची ओवीही अशीच आहे. तिची चाल दगडाच्या फेऱ्यातून आणि ओढणारीच्या श्वासातून आली, जात्यावर नंतर बसवली गेली नाही. म्हणून आपण आधी घरातल्या बाईला पाळणा म्हणायला सांगावे, तिचा झोका मोजावा आणि मग दोरी कापावी.

उत्तर ३ (जालना)

वरील दोन्ही उत्तरांनंतर सुताराच्या बाजूने थोडे. जुनी बाभूळ खिळा वाकवते, म्हणून गिरमिटाने आधी भोक पाडून लाकडी खुंट्या ठोकाव्यात. त्यामुळे मुलाच्या हाताला लोखंड लागत नाही. पाळण्याच्या दोन गजांमधले अंतर 6 सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवावे. चमक आणण्यासाठी आपल्याकडचे कच्चे जवसाचे तेल उत्तम. ते हवेतच सुकून घट्ट होते, मात्र त्याला बरेच दिवस लागतात. दुकानातल्या उकळलेल्या तेलात लवकर सुकण्यासाठी धातूंची मिसळ असू शकते, आणि मूल तर गज चावणारच. तेलाच्या चिंध्या बोळा करून ठेवू नयेत, त्या आपोआप पेट घेतात, पसरून वाळवाव्यात.

प्रश्नकर्ता (परभणी)

आपणा सर्वांचा आभारी आहे. काल संध्याकाळी तयार असलेल्या चारही खुर्च्या उलट्या करून पाहिल्या. दोन खुर्च्यांच्या खाली करवतीचे ओरखडे तसेच होते, एकीत बैलगाडीच्या जुन्या खिळ्याचे टोक बाहेर आलेले होते. त्या चारही खुर्च्या मी विक्रीतून काढून पुन्हा रंध्याखाली घेतल्या आहेत. पुढचा पाळणा शेजारच्या घरी द्यायचा आहे. तिथल्या आजींनी उद्या सकाळी पाळणा म्हणून दाखवायचे कबूल केले आहे. दोरी अजून कापलेली नाही.