मदत हवी आहे: सहा घरांत मिळून एक इलेक्ट्रिक गाडी. नावावर कोणाच्या, आणि चालवणार कोण?

नमस्कार मंडळी,

गुहागर तालुक्यातली आमची वाडी. घरं एकवीस. त्यातली आठ फक्त गणपती-शिमग्याला उघडतात, उरलेल्यांत बहुतेक साठी ओलांडलेले. एसटी सकाळी एक, दुपारी एक. मधेच काही निघालं की शृंगारतळीहून रिक्षा बोलवायची, आणि चिपळूणला डॉक्टरकडे जायचं तर आख्खी गाडी ठरवायची. गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात मोतीबिंदू दाखवायला तीन घरांतली तीन माणसं तीन वेगळ्या गाड्या करून गेली. घरं एकमेकांना खेटून! त्या बिलांवरून विषय निघाला, की सहा घरांनी वर्गणी काढून एक जुनी इलेक्ट्रिक गाडी घ्यावी.

कल्पना माझी नाही. मोठ्या शहरांतल्या सार्वजनिक इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल वाचत होतो. पॅरिसची ऑटोलिब डिसेंबर २०११ मध्ये सुरू झाली. गाड्या पुढे चार हजारांच्या घरात गेल्या, हजारावर स्टेशनं झाली. एका ठिकाणी घ्यायची, दुसरीकडे सोडायची, पैसे मिनिटांच्या हिशोबानं. हे मी बैठकीत उत्साहानं सांगितलं. आमच्या अण्णांनी सुपारी कातरत एकच विचारलं, "आता चालू आहे का?"

नाही. जुलै २०१८ च्या अखेरीस बंद झाली. करार २०२३ पर्यंतचा होता, पण तोवर तोटा ३० कोटी युरोंच्या आसपास जाईल असा हिशोब पुढे आला, आणि तो कोणी भरायचा यावरून कंपनी आणि तिथल्या नगरपालिकांचं फाटलं. अमेरिकेत सॅन डिएगोलाही २०११ पासून अशा गाड्या होत्या. तिथं चार्जिंगच्या जागा पुरेशा झाल्याच नाहीत. २०१६ मध्ये विजेच्या काढून पेट्रोलच्या आणल्या आणि त्याच वर्षाअखेर सेवा गुंडाळली. अण्णा म्हणाले, "पॅरिसात नाही जमलं ते आपल्या वाडीत जमवतोस?" मी गप्प.

पण फ्रान्समध्येच ला रोशेल म्हणून समुद्रकाठचं गाव आहे. तिथं १९९९ मध्येच ५० इलेक्ट्रिक गाड्यांवर अशी सोय सुरू झाली आणि नाव बदलून का होईना, पुढे बरीच वर्षं टिकली. लहान गाव, मोजक्या गाड्या, खारा वारा. म्हणून आशा सुटत नाही.

गाडी पाहिली आहे ती २४ युनिट बॅटरीची. चिपळूण जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर, चढउतार आणि एसी धरून बारा-तेरा युनिट जातील असा माझा अंदाज. रत्नागिरीला जायचं तर तवसाळ-जयगड फेरीबोट आहेच.

चार्जिंग आमच्या खळ्यात. १६ अँपिअरचा प्लग बसवून मित्राची गाडी आणून लावून पाहिली, तर चार्जरवर लाल दिवा. वायरमन आला, मीटर लावून म्हणाला, अर्थिंगच नाही. सगळा जांभा, खाली ओल कुठली! खड्डा खोल केला, मीठ-कोळसा भरला, वर दोन कळश्या पाणी ओतलं, तेव्हा दिवा हिरवा झाला. पुढच्या एप्रिल-मेत खड्डा सुकला की पुन्हा लाल.

तर विचारायचं आहे ते असं. गाडी एकाच्या नावावर घेतली आणि उद्या तो माणूस गेला किंवा भांडला तर? विमा सहाही घरांना लागू होतो का? किलोमीटरमागे पैसे घेतले तर ते भाडं ठरतं का? आणि जांभ्यावर अर्थिंग बारमाही टिकेल असं कोणी केलं आहे का?

---

पॉलिसीवाला:

किलोमीटरमागे दर लावून कोणालाही देऊ नका. खाजगी नोंदणीच्या गाडीची पॉलिसी भाड्याच्या वापराला चालत नाही, अपघात झाला तर दावा तिथंच अडकतो. रीतसर स्वतः-चालवा भाड्याचा परवाना काढायचा म्हटलं तर १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेत किमान ५० गाड्या लागतात. तुमच्या आख्ख्या वाडीत तेवढी माणसं नसतील! इलेक्ट्रिक व्यावसायिक गाड्यांना २०१८ पासून परमिटमधून सूट आहे हे खरं, पण ती टॅक्सी म्हणून नोंदवली तर. नंबरपाटी हिरवीच, खाजगीला अक्षरं पांढरी आणि व्यावसायिकला पिवळी, एवढ्यावरून पोलिसाला कळतं.

तुमच्यासाठी सोपं म्हणजे नोंदणीकृत संस्था करून गाडी तिच्या नावावर घ्या, आणि दरमहा सारखी वर्गणी. संस्थेच्या नावावर घेतली की मालक-चालकाचं वैयक्तिक अपघात संरक्षण मिळत नाही, म्हणून प्रवाशांचं आणि पगारी चालकाचं संरक्षण वेगळं मागून घ्या. एजंट आपणहून सांगत नाहीत. (मी एजंटच आहे.)

---

बंदरकाठ:

मालवणातून. चार वर्षं इलेक्ट्रिक गाडी वापरतो. लोक मोठ्या बॅटरीची काळजी करतात, दगा देते ती छोटी १२ व्होल्टची. पावसाळ्यात गाडी तीन आठवडे उभी राहिली, मोठी बॅटरी भरलेली, पण छोटी उतरली आणि दार उघडेना. रोज कोणी ना कोणी फिरवणार असेल तर तुम्हाला हा त्रास कमी. दुसरं म्हणजे उंदीर. आमची आत्या पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "पावसात उंदीर वायरी खातले, ह्यां लिहून ठेव." खाल्ल्याच.

अर्थिंगसाठी खड्डा विहिरीच्या किंवा न्हाणीच्या सांडपाण्याच्या बाजूला घ्या. आमच्याकडे माडाच्या आळ्याजवळ आहे, रोज शिंपण होतं, मेमध्येही दिवा हिरवा.

---

सड्यावरची:

दापोलीकडची आहे. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवतंय ना? आमच्या वाडीत कित्येक आठवडे वीज नव्हती. जून ते सप्टेंबर साठ टक्क्यांच्या खाली बॅटरी जाऊ द्यायची नाही, असा नियमच लिहून काढा. आणि मीटर वेगळा घ्या. ज्याच्या खळ्यात गाडी, त्याचं बिल वरच्या स्लॅबमध्ये गेलं की पहिलं भांडण तिथं.

---

बोरिवली_लोकल:

दादा, सगळं वाचलं, पण सहा घरांत लायसन किती जणांकडे आहे ते लिहिलंच नाहीत. त्या परदेशी योजनांत गाडी घेणारा स्वतः चालवतो. तुमच्याकडे मोतीबिंदूवाले चालवणार का?

---

खळ्यातून (धागाकर्ता):

बरोबर वर्मावर बोट ठेवलंत. लायसन दोन. एक माझं, आणि एक पलीकडच्या वहिनींच्या मुलाचं, तो शनिवार-रविवारच असतो. म्हणजे गाडी सहा घरांची आणि ड्रायव्हर मी फुकटचा, हे मला बैठकीत सुचलंच नव्हतं. बायकोला सुचलं होतं, तिनं तेव्हा सांगितलं नाही.

---

बोरिवली_लोकल:

मग गाडीबरोबर ड्रायव्हरचीही वर्गणी धरा. संस्थेनं महिन्यातून ठरावीक दिवसांचा पगारी माणूस ठेवायचा. ज्या दिवशी तो येणार त्या दिवशी डॉक्टर, बँक, बाजार सगळं एकाच फेरीत. तुमच्या तीन मोतीबिंदूंचं तिथंच भागलं असतं.

ऑटोलिबची एक गोष्ट मात्र उचला. स्टेशनवर गाडीला वायर लावल्याशिवाय भाडं थांबत नसे. तुमच्याकडे चार्जरशेजारी खिळा ठोका, चावी तिथंच टांगायची, वायर लावूनच. गाड्या अस्वच्छ असतात ही तक्रार पॅरिसात शेवटपर्यंत होती, तेव्हा मासळीची पिशवी डिकीत चालेल की नाही हेही आधीच ठरवा.

---

खळ्यातून:

सगळ्यांचे आभार. काल पुन्हा बसलो. संस्थेला सगळे तयार. ड्रायव्हर मंगळवार आणि शुक्रवार, बाकी दिवशी अडीनडीला मी. अर्थिंगचा नवा खड्डा न्हाणीमागे खणायला घेतला आहे, हातभर खाली ओल लागली.

मासळीवरून मात्र बैठक तासभर चालली. दोन घरं शाकाहारी आहेत. शेवटी झाकणाचा डबा असेल तर डिकीत, असं ठरलं. अण्णांनी विचारलं, "सुकट धरून?" त्याचं उत्तर अजून झालेलं नाही.

एक प्रश्न उरला आहे. आमची काकी ७८ वर्षांची, वर्षातून चारदा चिपळूणला जाते. तिलाही वर्गणी सारखीच लावायची का? कोणी असं केलं असेल तर कसं ठरवलंत ते सांगा. ती स्वतः म्हणते सारखीच घ्या, आणि म्हणूनच कोणाला घेववत नाही.