सस्पेन्शन काढून साधा चिमटा बसवावा का?

रोजचा_रस्ता: माझी एमटीबी (माउंटन बाइक) आता फक्त कामावर जायच्या-यायच्या उपयोगाची राहिली आहे. २६ इंची चाकं, पुढच्या चिमट्यात (फोर्क, म्हणजे चाक धरणारा दुपायी भाग) १०० मिमी ट्रॅव्हलचं, म्हणजे तेवढं दबू शकणारं, स्प्रिंगचं सस्पेन्शन, डिस्क ब्रेक. रस्ता डांबरी, अधूनमधून खड्डे. चढावर पेडलवर उभं राहिलं की पुढचा भाग डुलतो आणि पायातला जोर तिथेच जिरतो. लॉकआउट (सस्पेन्शन बंद करायची सोय) नाही. आता फोर्कच्या पायांतून खडखडही ऐकू येते. रिजिड (न दबणारा) चिमटा घेताना काय बघू? मनगटं दुखतील का?

तिरकी_तार: जरूर बदला. अशा वापरात ते सस्पेन्शन म्हणजे निव्वळ ओझं आहे. स्प्रिंगचा स्वस्त फोर्क अडीच किलोच्या आसपास भरतो, स्टीलचा रिजिड साधारण त्याच्या निम्मा.

पण घाई करू नका. बहुतेक जण "२६ इंची" एवढंच बघून चिमटा उचलतात आणि सायकलची चालच बिघडवून बसतात. खरं माप वेगळं आहे: अ‍ॅक्सलच्या मध्यापासून क्राउन (फोर्कचे दोन पाय जुळतात तो वरचा भाग) हेडसेटला (हँडल फिरतं त्या बेअरिंगला) टेकतो तिथपर्यंतची उंची. तुमच्या फोर्कमध्ये ती ४७० मिमीच्या आसपास असेल. तुम्ही बसलात की तो दबतो. किती दबतो ते फोर्कच्या वरच्या, आत सरकणाऱ्या नळीला झिप टाय बांधून मोजा, ते उंचीतून वजा करा आणि उरेल तेवढ्या उंचीचा रिजिड शोधा. 'सस्पेन्शन करेक्टेड' म्हणतात तो हाच. ४०० मिमीचा आखूड चिमटा लावलात तर पुढची बाजू खाली बसते. दर २० मिमीमागे हेड अँगल (हँडलखालच्या नळीचा तिरपेपणा) साधारण एक अंशाने बदलतो. हँडल चंचल होतं, भार तळहातांवर येतो, वळणावर पेडल जमिनीला घासू शकतं.

बाकी स्टीअरर (फोर्कची वर हँडलकडे जाणारी नळी) सरळ आहे की खाली रुंद होणारा, हबला (चाकाच्या मध्यभागाला) क्विक रिलीज (कळीने सुटणारा बारीक दांडा) आहे की आरपार जाणारा जाड थ्रू अ‍ॅक्सल, आणि डिस्क कॅलिपरचा माउंट कोणता, एवढं जुळवा. स्टीअरर लांब मिळेल. कापताना स्टेम (हँडल धरणारा भाग) आणि स्पेसर (स्टीअररवरच्या चकत्या) चढवून खूण करा. कापलेलं टोक स्टेमच्या किंवा सर्वांत वरच्या स्पेसरच्या कडेपासून ३ मिमी खाली राहिलं पाहिजे, नाहीतर हेडसेट आवळला जात नाही.

पावसाळी_पेडल: मनगटांचं काम टायरवर सोपवा. दोन इंची किंवा त्याहून रुंद, गुळगुळीत टायर घ्या आणि हवा थोडी कमी ठेवा. बारीक खडबडीला स्वस्त स्प्रिंग फोर्कचं घर्षणच इतकं असतं की तो हलतही नाही. ती आजही टायरच सोसतोय. मोठा खड्डा मात्र कोपर वाकवून, सीटवरून उठूनच घ्यावा लागेल. आणि मडगार्डची भोकं असलेलाच चिमटा घ्या, पावसात पटेल.

उतार_चढ: माझं मत थोडं वेगळं. सर्व्हिस होणारा, लॉकआउटवाला एअर (स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा) फोर्क असता तर मी काढू नका म्हणालो असतो. पण तुमची खडखड बहुधा झिजलेल्या बुशिंगची (ज्यांत फोर्कच्या नळ्या सरकतात त्या कड्यांची) आहे, आणि अशा फोर्कला सुटे भाग सहसा मिळत नाहीत.

रोजचा_रस्ता: मोजलं. उंची ४६८, बसल्यावर २२ मिमी दबतं. म्हणजे ४४५ चा बघतो. स्टीअरर सरळ, सव्वा इंचापेक्षा थोडा कमी. जुनी क्राउन रेस (हेडसेटचं फोर्कवर बसणारं कडं) काढून नव्यावर चालेल?

तिरकी_तार: तो १ १/८ इंचच. रेस चालेल. पातळ पात्याने सगळीकडून थोडी थोडी ठोकत सोडवा, एकाच बाजूने नको. चरा पडला तर नवी घ्या, आणि बसवताना ती पूर्ण टेकली आहे ना ते बघा.