लढाईतल्या अटी कोणी तपासायच्या, सॉफ्टवेअरनं की डीएमनं?

टिळकवाडीकर

आमची मंडळी मूळची बेळगावचीच, पण आता एका टेबलाभोवती बसणं होत नाही. कोणी पुण्यात, कोणी बेंगळुरात, एक जण निपाणीत. म्हणून फाउंड्री व्हीटीटीवर, म्हणजे ऑनलाइन मॅप, पात्रांची टोकन आणि फासे देणाऱ्या सॉफ्टवेअरवर, डीअँडडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या पात्रं घेऊन खेळायच्या फाशांच्या खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा आणि निकाल देणारा, मी. अलीकडे मी मिडी-क्यूओएल आणि डीएई ही दोन मॉड्यूल, म्हणजे फाउंड्रीला जोडायची छोटी सॉफ्टवेअरं, चालू केली आणि ग्रुपमध्ये सरळ दोन तट पडले. ज्यांनी ती वापरली नाहीत त्यांच्यासाठी: अमुक अट पुरी झाली तर तमुक बोनस द्यायचा, हा हिशेब ही मॉड्यूल आपोआप करतात. हिट झाला का, सेव्ह (संकट टाळायचा फासा) लागला का, डॅमेज किती, सगळं.

माझं मत पक्कं आहे. नियमात अट स्पष्ट लिहिलेली आहे आणि ती तपासायला लागणारी माहिती मॅपवर किंवा शीटवर आहे, तर ते काम सॉफ्टवेअरनंच करावं.

स्नीक अटॅक घ्या, म्हणजे रॉग या चोरट्या पात्राचा जादा डॅमेजचा वार. रॉग लपून बाण सोडतो, म्हणून ॲडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. समोरचा गुंड आडवा पडलाय आणि रॉग पाच फुटांच्या पलीकडे आहे, म्हणून डिसॲडव्हांटेज, म्हणजे दोनांतला लहान घ्यायचा. दोन्ही एकमेकांना खोडतात, फासा एकच पडतो. आता स्नीक अटॅक मिळतो का? गुंडाच्या पाच फुटांत आपला फायटर धडधाकट उभा असेल तर मिळतो, कारण डिसॲडव्हांटेज उरलेलंच नाही. फायटर नसेल तर मिळत नाही, कारण ॲडव्हांटेजही उरलेलं नाही. शिवाय हे एका टर्नमध्ये एकदाच. रात्री अकरा वाजता पाच जणांनी यावर दहा मिनिटं वाद घालायचा, तोवर लढाईतला सगळा जोर निघून जातो. मॉड्यूल हे क्षणात सांगतं.

खानापूरकर

दादा, उदाहरण चांगलं दिलंत, पण त्यावरून मी उलटंच म्हणेन. ही दहा मिनिटं वाया गेलेली नाहीत. त्या वादानंतर तुमच्या रॉगला कायमचं कळलं की फायटरच्या शेजारचा शत्रू निवडायचा. माझ्या टेबलावर हॉस्टेलची पोरं आहेत, सगळी नवीन. सुरुवातीला मीही सगळं ऑटोमॅटिक ठेवलं होतं. झालं काय, तर पोरं टोकनवर क्लिक करायची आणि आकडा बघायची. "चोवीस कसे आले रे?" विचारलं की एकालाही सांगता येईना. मॉड्यूल बंद केली आणि फासे स्वतः मोजायला लावले, तेव्हा कुठं डावपेच सुरू झाले.

दुसरं, रिॲक्शन, म्हणजे दुसऱ्याच्या टर्नमध्ये द्यायचं उत्तर. विझार्डचं (जादूगाराचं) शील्ड स्पेल हिट झाल्यावर टाकायचं असतं, एसी, म्हणजे घाव लागायला गाठावा लागणारा आकडा, पाचनं वाढतो. मॉड्यूल त्यासाठी खेळाडूसमोर खिडकी उघडतं आणि ठरावीक सेकंद थांबतं. आमच्याकडं जुलैत पाऊस लागला की नेट कसं चालतं हे तुम्हाला सांगायला नको. खिडकी दिसेपर्यंत वेळ संपलेली असते, विझार्ड आडवा. आवाजावर खेळत असलो तर पोरगं नुसतं "थांबा सर, शील्ड" म्हणतं, काम झालं.

निपाणीची क्लेरिक

मी टिळकवाडीकरांच्याच टेबलावर खेळते, आणि मॉड्यूलच्या बाजूनं आहे. कारण वेगळं आहे.

माझं पात्र क्लेरिक, म्हणजे पुजारी. मी ब्लेस हे आशीर्वादाचं स्पेल टाकते. तिघांना एक मिनिटभर प्रत्येक अटॅक रोलला आणि सेव्हला एक डी४ (चार बाजूंचा फासा) जास्त. हे मिळवायला मी माझी पूर्ण ॲक्शन घालवते, वर कॉन्सन्ट्रेशन (स्पेल टिकवायला लागणारं लक्ष) धरून बसते, म्हणजे कॉन्सन्ट्रेशन लागणारं दुसरं स्पेल सोबत टिकवता येत नाही. आणि मॉड्यूल नव्हती तेव्हा तो डी४ टाकायचं निम्म्या वेळा कोणाच्या लक्षातच यायचं नाही. फायटर एकानं हुकायचा, "अरेरे" म्हणायचा आणि टर्न पुढं जायची. दर वेळी मी मध्ये तोंड घालून "ब्लेस, ब्लेस" ओरडायचं का? लढाईत ज्याची तलवार लागते त्याचं नाव होतं. मदत करणाऱ्याचा वाटा कोणाला आठवत नाही. आता चॅटमध्ये स्पष्ट दिसतं: अधिक तीन, ब्लेस. त्या तिनामुळे घाव लागला, हे सगळ्यांना दिसतं. पॅलाडिन या पात्राच्या, जवळच्या साथीदारांच्या सेव्हला मदत करणाऱ्या दहा फुटांच्या ऑराचंही तेच.

खानापूरकर दादा, नवीन पोरांना शिकवायचं तुमचं म्हणणं मला पटतं. पण लक्षात ठेवायचा भार नेमका कोणावर पडतो तेही बघा की.

शहापूरचा जुना खेळाडू

दोघंही पाचव्या आवृत्तीत अडकून बोलताय असं मला वाटतं. आम्ही पाथफाइंडर या तशाच वेगळ्या खेळाची दुसरी आवृत्ती खेळतो, तीही फाउंड्रीवरच. तिथं असल्या गोष्टींसाठी वेगळं मॉड्यूल लागतच नाही. शत्रूच्या दोन विरुद्ध बाजूंना दोघं उभे राहिले की फ्लँकिंग लागतं, तो ऑफ-गार्ड (बेसावध) होतो, एसी दोननं उतरतो. हे सिस्टीमच करते. प्रत्येक अटीला एक प्रेडिकेट असतं: लक्ष्यावर अमुक कंडिशन आहे का, हत्याराला तमुक ट्रेट (गुणधर्माचं लेबल) आहे का. खरं निघालं तर बोनस, नाहीतर नाही.

हे जमतं, कारण ते नियमच तसे लिहिलेत. प्रत्येक हत्याराला, स्पेलला, प्राण्याला ट्रेट चिकटवलेले आहेत. फ्राइटन्ड (घाबरलेपण) दोन असेल तर टर्न संपताना एकवर येणार. पर्सिस्टंट (चालूच राहणारं) डॅमेज असेल तर टर्नच्या शेवटी डॅमेज घ्यायचं आणि फ्लॅट चेक, म्हणजे बोनसशिवायचा वीस बाजूंचा फासा, टाकायचा, पंधरा किंवा वर पडलं तर सुटका. यात कोणाच्या अर्थ लावण्याला जागा नाही. पाचवी आवृत्ती २०१४ साली आली ती साध्या बोली वाक्यांत नियम सांगत आली. त्यामुळं तिथं मॉड्यूलवाल्यांना वाक्यामागून वाक्य हातानं कोडमध्ये बसवावं लागतं. स्वयंसेवक लोक रात्री जागून हे करतात, त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण फाउंड्रीची नवी आवृत्ती आली की पहिली मोडतात ती हीच मॉड्यूल.

खानापूरकर

शहापूरच्या काकांनी नेमकी जागा दाखवली. पण माझी खरी तक्रार अजून सांगितलीच नाही.

आमची कॅम्पेन (चालू असलेली कथा) भीमगडच्या जंगलात चालते. बारापेडेच्या गुहा, वटवाघळं, खाली म्हादईचं खोरं. मागच्या लढाईत एका पोरीनं ओली पानं पेटवून गुहेत धूर केला आणि वटवाघळं शत्रूंच्या अंगावर उठवली. काय सुंदर कल्पना! मी तिथल्या तिथं सांगितलं, एक राउंडभर शत्रूंना डिसॲडव्हांटेज. तेवढ्यात दुसरा पोरगा म्हणाला, "सर, पण सिस्टीमनं तर दिलेलं नाही." मला तिथं वाईट वाटलं. डीएमनं दिलेला निकाल खोटा आणि कोडनं दिलेला खरा, असं पोरांना वाटाय लागलंय. पुढच्या वेळी पानं पेटवायचं त्यांच्या डोक्यातच येणार नाही, कारण पानांना बटण नाही.

टिळकवाडीकर

ती धुराची कल्पना खरंच भारी आहे, त्या पोरीला माझ्याकडून शाबासकी सांगा. पण यात मॉड्यूलचा दोष मला दिसत नाही. रोलच्या खिडकीत डिसॲडव्हांटेजचं बटण असतंच. किंवा डीएमनं एक राउंडचा इफेक्ट बनवून शत्रूंच्या टोकनवर टाकायचा, राउंड संपला की काढायचा. उलट हिशेबातून डोकं मोकळं असेल तरच धुराकडं लक्ष द्यायला डीएमला उसंत मिळते. कॉन्सन्ट्रेशनचंच बघा. स्पेल धरून बसलेल्याला तीस डॅमेज बसलं तर निम्मे, म्हणजे पंधराचा सेव्ह. बारा बसलं तर निम्मे सहा, पण किमान दहा, म्हणून दहाचा. हे दर घावाला मी आठवत बसू, की वटवाघळं कुठं उडतात ते सांगू?

खानापूरकर

कॉन्सन्ट्रेशनची आठवण मॉड्यूलनं करून द्यावी, माझी काही हरकत नाही. आठवणच. फासा पोरांनीच टाकायचा.

पण डॅमेज आपोआप एचपीतून (जिवाच्या आकड्यातून) वजा होणं माझ्या टेबलावर चालणार नाही. जवळून मारलेल्या घावानं शत्रू शून्यावर आला तर त्याला मारायचं की बेशुद्ध करायचं, हे मारणाऱ्यानं ठरवायचं असतं. नियमच आहे तो, डीएमची लहर नव्हे. आमच्या पोरांना दरोडेखोरांचा म्होरक्या जिवंत हवा होता, जांबोटीच्या वाटेवर कोण माल उतरवतं ते त्याच्याकडून काढायचं होतं. फायटरनं क्लिक केलं आणि विचारायच्या आत टोकनवर मेल्याची खूण.

निपाणीची क्लेरिक

ते मात्र आमच्याकडंही झालंय. मिडीमध्ये डॅमेज आपोआप लावायचं सेटिंग वेगळं आहे, ते बंद ठेवून बाकीचं चालू ठेवता येतं. डॅमेजचं कार्ड आधी डीएमकडं जातं, त्यानं मंजूर केलं की मगच लागतं. टिळकवाडीकर, रविवारी हे करूया का? माझं ब्लेस तेवढं आहे तसंच राहू दे.

टिळकवाडीकर

शत्रूंच्या म्होरक्यांपुरतं करतो. बाकीच्या पंधरा गुंडांचं डॅमेज मी एकेक मंजूर करत बसणार नाही.