डोमिनिकाला कोणी गेलंय का? (रिपब्लिक नाही, ते छोटं बेट)

पाऊसवेडी
नमस्कार मंडळी, मी, नवरा आणि कॉलेजातली लेक असे तिघं कॅरिबियनमधल्या डोमिनिकाला जायचं म्हणतोय. डोमिनिकन रिपब्लिक नव्हे हां, घरात सगळ्यांना हेच समजावून दमले, हे ग्वादलूप आणि मार्टिनिकच्या मधलं बेट. डोंगर, जंगल, धबधबे, रिसॉर्टची गर्दी नाही असं वाचलं तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. प्रश्न बरेच आहेत, एकदमच विचारते. जायचं कसं, व्हिसाचं काय, कधी जावं, तो बॉयलिंग लेकचा ट्रेक जमेल का (लेकीला जमेल, आमचं सांगता येत नाही) आणि आम्ही दोघं शाकाहारी, तर खायचं काय? आठवडाभर हाताशी असेल.

डोंगरकावळा
गेलोय. पांढरी वाळू आणि छत्रीखाली लोळणं हवं असेल तर आत्ताच बेत बदला, कारण तिथली वाळू बहुतेक ठिकाणी काळी-राखाडी, ज्वालामुखीची, आणि बाकी किनारा म्हणजे सरळ कडेच. साधारण 750 चौरस किमीचं बेट आणि त्यात 1447 मीटरचा मोर्न दियाब्लोतँ डोंगर उभा, म्हणजे सपाट जमीन शोधावी लागते. लोकसंख्या सत्तर हजारांच्या आसपास, त्यामुळे मोठी हॉटेलं, मॉल वगैरे विसरा.

आता बॉयलिंग लेक. लोदा गावाजवळच्या टिटू गॉर्जपासून चालायला सुरुवात होते आणि जाऊन-येऊन सहा ते आठ तास सहज जातात. चढ आहे म्हणून नाही, चढ-उतार-चढ-उतार आहे म्हणून माणूस दमतो, परत येताना पुन्हा तेवढंच चढायचं असतं ना, आणि लाकडाच्या पायऱ्या पावसाने बुळबुळीत झालेल्या असतात. मध्ये व्हॅली ऑफ डेझोलेशन लागते, तिथे झाडं संपतात आणि जमिनीतून वाफा, उकळतं पाणी, पिवळे-पांढरे ओघळ, गंधकाचा वास. तिथे गाईड जिथे पाय ठेवेल तिथेच ठेवायचा, वरचा थर काही ठिकाणी पातळ आहे. गाईड घ्याच, पैसे वाचवू नका. तळं साधारण 60 मीटर रुंद, राखाडी-निळं पाणी आणि मधोमध खदखद चाललेली. पावसाचं आणि ओढ्यांचं पाणी खड्ड्यात साठतं आणि खालून ज्वालामुखीचे गरम वायू येऊन ते उकळतं. 2004-05 च्या सुमारास पाणी एकदम खाली गेलं होतं, नंतर परत भरलं. म्हणजे कधी काय करेल सांगता येत नाही.

आणि हो, चांदीचं काही अंगावर असेल तर काढून ठेवा, काळं पडतं. वरून दमून उतरल्यावर वॉटन वेवन गावात गरम झऱ्यांचे हौद आहेत, तिथे जाऊन बसा, पाय दुआ देतील.

मिरगाचा_किडा
व्हिसाबद्दल. भारतीय पासपोर्टवर टूरिस्ट म्हणून डोमिनिकाला व्हिसा लागत नाही, पण खरी मेख वाटेत आहे. अमेरिकेतून विमान बदललं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो, अगदी एअरपोर्टबाहेर पाय ठेवला नाही तरी. ग्वादलूप किंवा मार्टिनिकहून फेरीने जायचं छान वाटतं पण ती दोन्ही फ्रान्सची, आणि युरोपचा साधा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. बार्बाडोसमार्गे बघा, तिथे आपल्याला व्हिसा नको, पुढे छोटं विमान. लंडनहून जाणार असाल तर तिथला ट्रान्झिटचा नियम तिकीट काढायच्या आधी वाचा.

फेब्रुवारी ते मे बरा. जून ते नोव्हेंबर वादळांचा सीझन, 2017 च्या सप्टेंबरमध्ये मारिया आलं ते थेट कॅटेगरी पाच होतं, बेटावरचं जंगल नागडं करून गेलं. आता पुष्कळ सावरलंय.

अजून एक, मिलिटरीसारखे ठिपक्यांचे कपडे नेऊ नका, तिथे कायद्याने बंदी आहे. लेकीच्या कार्गो पँट तपासा :)

पाऊसवेडी
अरे बापरे, आहे तिच्याकडे तशी एक! थँक्यू दोघांना. पण मग नवऱ्याचे गुडघे बघता आठ तास नकोच वाटतंय. तो काय करेल दिवसभर?

सागरिका
त्यांना ट्राफाल्गर फॉल्सला पाठवा ना, गाडीतून उतरून थोडंसं चाललं की समोर दोन धबधबे, एकाला फादर म्हणतात एकाला मदर. एमरल्ड पूल (धबधब्याखालचा डोह) पण सोपा आहे, फक्त क्रूझचं जहाज लागलेल्या दिवशी जाऊ नका, जत्रा असते. उत्तरेकडच्या पोर्ट्समथ गावाला इंडियन रिव्हर नदी, होडी हाताने वल्हवतात, इंजिनाला परवानगीच नाही, दोन्ही काठांवर मुळांच्या भिंती उभ्या.

पण माझं मत विचाराल तर एक दिवस देवमाशांना ठेवाच. पश्चिम किनाऱ्याला समुद्र लगेच खोल होतो म्हणून स्पर्म व्हेल वर्षभर असतात, माद्या आणि पिल्लांची कुटुंबंच्या कुटुंबं. बोटवाले पाण्यात माईक सोडतात आणि त्यांचे टकटक आवाज ऐकून मागावर जातात. 2023 मध्ये सरकारने त्यांच्यासाठी जवळपास 800 चौरस किमी समुद्र राखीव करायचं जाहीर केलं.

खाण्याचं सोपं आहे. डशीन म्हणजे आपला अळूच, कललू म्हणजे त्याच्या पानांचं दाट सूप, आंबट-गोड नसलेलं फदफदं समजा. फक्त त्यात खेकडा किंवा मांस असतं बरेचदा, ते विचारून घ्या. रास्ताफारी पंथाच्या लोकांची आयटल (त्यांच्या पद्धतीचं) जेवणाची ठिकाणं शोधा, ती बहुतेक शाकाहारी असतात. नीरफणस, केळी, कंद भरपूर.

डोंगरकावळा
@सागरिका +1. आठवडा पुरतो, पण रोज हॉटेल बदलू नका. अर्धे दिवस राजधानी रोझो किंवा लोदाकडे, अर्धे पोर्ट्समथकडे. नकाशात अंतर बोटभर दिसतं पण रस्ते अरुंद आणि नुसती वळणं, एअरपोर्टहून रोझोलाच तासाच्या वर लागतो. गाडी डावीकडून चालते, परमिट तिथेच पैसे भरून मिळतं, तरी रात्री चालवू नका. आणि एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा, कारण पाऊस लागला की गाईड बॉयलिंग लेकला नाही म्हणतो आणि ते बरोबरच असतं.

बॉयलिंग लेकला केबल कार बांधायला घेतलीये, मोठा एअरपोर्टपण. लोकांना रोजगार हवा हे मान्य, पण मला ती केबल कार अजिबात पटत नाही.

मिरगाचा_किडा
केबल कारने यांच्या मिस्टरांच्या गुडघ्यांची सोय होईल की :D

बाय द वे कॅश न्या. ईस्ट कॅरिबियन डॉलर चालतो, अमेरिकन एकाला 2.70 असा भाव बांधलेला आहे. अमेरिकन नोटा घेतात बहुतेक जण, पण सुटे त्यांच्याच पैशात मिळतात.